मुलांना पंचमी पाठ आहे, मग वाचायचं काय?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. पटावर सव्वीस मुलं, त्यांतली आठ-नऊ अजून अक्षरं जुळवत वाचतात. दरवर्षी नागपंचमीच्या आधी फळ्यावर दहा ओळींची माहिती लिहायची, मुलांनी ती उतरवून घ्यायची आणि मोठ्यानं म्हणायची, असं चालत आलंय. यंदा त्यांना हा सण वाचनातून शिकवायचा आहे आणि त्यासाठी त्यांनी चार पानांचा मजकूर तयार केला आहे. पण तीन अडचणी आहेत. ‘साप दूध पीत नाही’ असं गेल्या वर्षी वर्गात सांगितल्यावर एक पालक शाळेत येऊन, ‘आमच्या देवाधर्मात कशाला पडता’ असं सुनावून गेले. वर्गात तीन मुलं मुस्लिम घरांतली आहेत, त्यांना या आठवड्यात काय द्यावं ते सुचत नाही. आणि कच्ची मुलं वाचनाच्या तासाला अवघडून बसतात, म्हणून बाई त्यांना नागाचं चित्र रंगवायला देतात. हे सगळं बरोबर चाललंय का, असं त्या विचारतात.

ताई,

तुमचा चार पानांचा मजकूर वाचला. शुद्धलेखन चोख आहे, माहितीही बरोबर आहे. पण सुरुवात अशी आहे: ‘श्रावण शुद्ध पंचमीला साजऱ्या होणाऱ्या नागपंचमी या सणाला आपल्या संस्कृतीत अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ हे वाक्य कुणासाठी लिहिलंय? तुमच्या वर्गातली मुलं बत्तीस शिराळ्याच्या आसपासची. आदल्या दिवशी आई भावासाठी उपवास धरते, पंचमीला घरात तवा चढत नाही, वारुळाला जाताना ताटात लाह्या असतात, झाडाला झोका कुणी बांधला आणि त्यावरून कोण पडलं, हे सगळं त्यांना ठाऊक आहे. त्यांना जे आधीच येतं तेच तुम्ही त्यांना न येणाऱ्या भाषेत वाचायला देताय. मग मुलं ओळी पाठ करतात. आपल्याला वाटतं, वाचली.

उद्याच एक करून बघा. फळ्यावरची माहिती ‘छान वाचणाऱ्या’ एखाद्या मुलाला बोलवा आणि मधल्याच ओळीतल्या ‘वारूळ’ या शब्दावर बोट ठेवायला सांगा. बोट ठेवण्याआधी तो पहिल्या ओळीपासून म्हणत तिथपर्यंत आला, तर ते वाचन नव्हे, पाठांतर आहे. मुलांना सुरुवातीच्या इयत्तांतच वाचन-गणित यावं यासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे, आणि तीही न पाहिलेल्या मजकुरातून. दहा ओळी वीस वेळा म्हणून ती क्षमता येत नाही.

तेव्हा सण शिकवायचा हा हेतूच थोडा बाजूला ठेवू या. सण त्यांना घर शिकवतं. शाळेनं त्या ओळखीच्या विषयाचा आधार घेऊन वाचायला शिकवावं, आणि घरी न कळणारं एखाद-दुसरं काही वाचूनच कळेल अशी सोय करावी. विषय ओळखीचा असला की मूल अनोळखी शब्दाचा अंदाज बांधू शकतं, म्हणून पंचमीचा आठवडा वाचनासाठी फार मोलाचा आहे. चार पानं फाडू नका, पण ती स्वतःजवळ ठेवा. वर्गाला चार छोटे, वेगवेगळ्या जातीचे मजकूर लागतील.

पहिला मजकूर मुलांनीच सांगायचा. पंचमीच्या आधीच्या सोमवारी विचारा, ‘पंचमीला आपल्या गल्लीत काय काय दिसतं?’ मुलं बोलतील तसं मोठ्या तक्त्यावर लिहा, त्यांच्याच बोलीत. ‘आज्जी म्हणती, आज चिरायचं न्हाई’ असं कुणी म्हणालं तर तसंच लिहा. सुधारून ‘आजी म्हणते, आज भाजी चिरू नये’ असं लिहिलंत, तर मुलाला तक्त्यावर आपलं वाक्य सापडत नाही, आणि सारी गंमत तिथंच संपते. प्रमाण भाषेतलं वाक्य दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रंगानं शेजारी लिहा. दोन्ही वाचली जातील आणि पुस्तकातली भाषा म्हणजे आपलं बोलणं चुकीचं, असा समजही होणार नाही. वाक्यं सात-आठ पुरेत, प्रत्येकात पाच ते सात शब्द. अक्षर चार सेंटिमीटर उंच असलं की मागच्या रांगेतून दिसतं. वाक्याशेजारी सांगणाऱ्याचं नाव लिहायला विसरू नका.

आता त्या आठ-नऊ मुलांकडे येते. त्यांना चित्र देऊन तुम्ही त्यांची लाज वाचवता, हे खरं. पण रंगवता रंगवता त्यांचा वाचनाचा तास जातो आणि पुढच्या आठवड्यात ती आणखी मागे असतात. या तक्त्यावर त्यांचंही वाक्य घ्या, किंबहुना त्यांना आधी विचारा. मग कार्डशीटच्या पट्ट्या कापून एकेकाचं वाक्य एकेका पट्टीवर लिहा. स्वतः बोललेलं वाक्य वाचायला मुलाला अवघड जात नाही, कारण अर्थ त्याच्याजवळ आधीच असतो. राहतं ते अक्षरांशी जुळवणं. पट्टी पहिल्या दिवशी अखंड वाचू द्या. दुसऱ्या दिवशी शब्दाशब्दावर कापून उलटसुलट करा आणि त्यालाच जुळवायला द्या. इथं एक चूक हमखास होते: पट्टी पहिल्याच दिवशी कापली जाते, मग मूल तुकड्यांत हरवतं. दुसरी अडचण जोडाक्षरांची. ‘लाह्या’चं ‘लाहया’ होणार, ‘श्रावण’ अडखळणार. असे चारच शब्द आधी वेगळे दाखवा, वीस नकोत. चित्र काढायचंच असेल तर वाचून झाल्यावर, आणि त्याखाली निदान तीन शब्द लिहायचे.

दुसरा मजकूर नागपंचमीच्या कहाणीचा. ही तुम्ही वाचून दाखवायची, आणि घाईनं नको. ‘आटपाट नगर होतं’ या शब्दांनीच सुरू करा. बऱ्याच मुलांच्या घरी श्रावणात कहाण्या वाचल्या जातात, ती कान टवकारतील. शेतकरी नांगरायला जातो, वारुळातल्या पिल्लांना फाळ लागतो, नागीण येऊन बघते तर नांगर रक्तानं माखलेला. इथं थांबा. ‘नागिणीला काय कळलं? कशावरून कळलं?’ असं विचारा. ‘तिला कळलं’ असं सरळ उत्तर मजकुरात नाही, नांगराच्या खुणेवरून ते काढावं लागतं; समजून वाचणं म्हणजे हेच. दुसरा थांबा परगावच्या लेकीपाशी. नागीण तिलाही डसायला निघाली आहे, आणि इकडे लेकीनं पाटावर नाग काढून, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवून पूजा मांडली आहे. ‘आता नागीण काय करेल?’ हे मुलांना सांगू द्या. काहींना शेवट माहीत असेल, त्यांना ‘तिनं असं का केलं असेल’ हा प्रश्न ठेवा. कहाणीत घरची सगळी माणसं दगावतात आणि शेवटी अमृतानं उठतात. तिसरीच्या मुलांना हे झेपतं, कापू नका. फक्त वर्गातल्या कुणाच्या घरी अलीकडे सर्पदंश झाला आहे का, याची आधी चौकशी करा. असेल तर त्या मुलाशी आणि पालकांशी आधी बोला, आणि कहाणी चालू असताना त्याला आपल्याजवळ बसवा.

दुसऱ्या वाचनाला कहाणी वाटून घ्या: निवेदक, शेतकरी, नागीण, लेक. चार-पाच मुलांच्या गटात एक पान. कच्च्या मुलाला दोनदा-तीनदा येणारी ओळ द्या, म्हणजे दुसऱ्यांदा ती ओळ येईल तेव्हा त्याचं वाचन सरळ येईल आणि वर्गालाही ते ऐकू येईल. शेवटचं ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ सगळ्यांनी मिळून म्हणावं.

आता दूध. तुम्ही मांडलेला पेच असा की कहाणी सांगावी तर विज्ञान बुडतं आणि विज्ञान सांगावं तर श्रद्धा दुखावते. मला वाटतं हा पेच दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्यामुळे झाला. त्या पालकांना ‘साप दूध पीत नाही’ हे वाक्य ‘तुमची पूजा खोटी’ असं ऐकू आलं. म्हणून तिसरा मजकूर रानातल्या नागाविषयी ठेवा, आणि त्यात सणाचा, पूजेचा शब्दही नको. हा असा:

‘नाग वारूळ बांधत नाही. वारूळ वाळवी बांधते. नाग त्यात राहायला जातो. तो उंदीर आणि बेडूक खातो. नागाला बाहेरून कान दिसत नाहीत. जमिनीची थरथर त्याला कळते. नागीण अंडी घालते. पिल्लं जन्मल्यापासून एकटी राहतात. पावसाचं पाणी बिळात शिरलं की साप बाहेर पडतात.’

हा मजकूर जोडीत वाचायला द्या, एक पक्कं मूल आणि एक कच्चं. मग फळ्यावर दोन रकाने आखा: ‘कहाणीतला नाग’ आणि ‘रानातला नाग’. कहाणीतली नागीण पिल्लांसाठी रडते. रानातली अंड्यांपाशी थांबते, पण पिल्लं बाहेर आली की ती आपापल्या वाटेनं जातात. कहाणीतली डूख धरते. रानातल्या सापाला माणूस ओळखून सूड घेता येत नाही. कहाणीतली दूध पिते. रानातल्या सापाचं ते अन्न नाही. तहानलेला साप समोर येईल ते द्रव पितो, आणि गारुडी नेमकं हेच करत, आधी त्याला पाण्यावाचून ठेवत. कुणी म्हणालं, ‘पण माझी आज्जी म्हणती नाग दूध पितो,’ तर उत्तर एवढंच: ‘कहाणीत पितो, ते पहिल्या रकान्यात लिही.’ आजीला खोटं पाडायचं काही कारण नाही. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द या तासाला फळ्यावर येऊ देऊ नका. मूल तो घरी घेऊन जातं आणि आजीवर वापरतं.

डूख धरण्याची ओळ मात्र वगळू नका, कारण त्याच समजुतीपोटी दिसेल तो साप ठेचून मारला जातो. चौथीच्या मुलांना इथं आणखी पाच-सहा ओळी द्या. आपल्याकडे धोक्याचे विषारी साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चावल्यास जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरीनं आवळायची नाही. चावलेला हात-पाय न हलवता १०८ ला फोन करून लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. ऊस आणि भाताच्या रानातून ये-जा करणाऱ्या मुलांनी या आठवड्यात दुसरं काही नाही वाचलं तरी हे वाचायलाच हवं.

शिराळ्याचा विषय निघणारच. तिथल्या जिवंत नागांच्या पूजेवर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे निर्बंध आले. ज्यांच्या घरातल्यांनी ती परंपरा पाहिली, पाळली, त्यांच्यासाठी हा जिव्हाळ्याचा आणि दुखरा विषय आहे. वर्गात निकाल देऊ नका. मुलांना तीन प्रश्न लिहून द्या आणि आजी-आजोबांकडून उत्तरं आणायला सांगा: पूर्वी पंचमीला काय काय व्हायचं? आता काय बदललं? तुम्हाला काय वाटतं? उत्तरं दोन-दोन ओळींत. ती वर्गात मोठ्यानं वाचली की मुलांना एकाच गोष्टीवर दोन मतं ऐकायला मिळतील. गारुड्याला शाळेत बोलावण्याची सूचना कुणी केली तर मात्र सरळ नकार द्या, साप पकडून खेळवणं गुन्हा आहे.

चौथा मजकूर दिंडांचा, म्हणजे पंचमीच्या वाफवलेल्या गोड पदार्थाचा. कृती वाचणं हा निराळाच सराव आहे, त्यात क्रम चुकला की पदार्थ बिघडतो, आणि मुलांना ते लगेच पटतं. साहित्य असं लिहा: एक वाटी हरभरा डाळ, एक वाटी फोडलेला गूळ, दीड वाटी कणीक, वेलची, चवीपुरतं मीठ, तूप. कृतीच्या आठ पट्ट्या करा. डाळ भिजव. मऊ शिजव. पाणी निथळून काढ. गूळ घालून घट्ट होईपर्यंत आटव. पुरण वाटून घे. कणकेची छोटी पारी लाट. मधे पुरण ठेवून चारी बाजूंनी दुमड. पंधरा मिनिटं वाफव. पट्ट्या विस्कटून गटाला द्या. ‘निथळ’ आणि ‘आटव’ यांत मुलं अडकतात, वाद घालतात. घालू द्या. पाणी निथळलं नाही तर पुरण सैल राहतं आणि दिंड वाफेत फुटतं, हे कुणाला तरी आईमुळे माहीत असतंच. मग विचारा, ‘यात चिरायचं, भाजायचं, तळायचं कुठं आहे?’ मुलं सगळ्या पट्ट्या पुन्हा वाचतात, कारण ‘नाही’ असं म्हणायला सगळं वाचावंच लागतं. नंतर कहाणीचा शेवट काढून द्या: त्या दिवशी जमीन खणू नये, भाजी चिरू नये, तव्यावर शिजवू नये, तळू नये. दोन वेगळ्या कागदांवरचं एकमेकांशी जुळलं की मुलांचे चेहरे बघा. यापेक्षा चांगलं आकलनाचं काम चौथीला मिळणं कठीण आहे. घराघरात रीत थोडी वेगळी असते, ती पट्टीच्या मागे लिहून घ्या.

मुस्लिम घरांतल्या मुलांविषयी तुम्ही अवघडलात, ते तुमच्या संवेदनशीलतेमुळे. पण त्यांना वेगळं काम दिलंत की ती वेगळी पडतात. म्हणूनच वर पहिला प्रश्न ‘आपल्या गल्लीत काय दिसतं’ असा ठेवला आहे. ‘तुमच्या घरी पंचमी कशी करता’ असं विचारलं की तीन मुलं गप्प होतात, आणि आणखीही होतील, कारण सगळ्याच हिंदू घरांतही पंचमी होते असं नाही. झोका, लाह्या, गल्लीतला फेर सगळ्यांनी पाहिलेला असतो. रानातला साप तर कुणाच्याही बांधावर निघतो. वर्गात पूजा मांडू नका, हात जोडायला लावू नका. राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार पूर्णपणे शासनाच्या पैशांवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सणाविषयी वाचणं, बोलणं, तुलना करणं यात काही आड येत नाही. हीच चार मजकुरांची पद्धत ईदलाही वापरा, शिरखुर्म्याची कृती घ्या. तेव्हा या तीन मुलांना सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असेल. मात्र ‘आता तू सांग तुमच्यात काय असतं’ असं उभं करून विचारू नका. त्याला आपलं घर सांगता येईल, सगळ्या धर्माची बाजू मांडायला तो बसलेला नाही.

त्या पालकांचं काय? त्यांना यंदा आधीच भेटा, सोमवारच्या आत. चारही मजकूर हातात द्या आणि वाचायला सांगा. पूजेतलं दूध चित्राला, मातीच्या नागाला दाखवतात, त्याबद्दल शाळा काही म्हणत नाही, हे स्पष्ट बोला. त्याच वेळी रानातल्या सापाची माहिती शाळा देणारच, हेही तितक्याच शांतपणे सांगा. विज्ञाननिष्ठ दृष्टी आणि जिवांविषयी दया ही दोन्ही कर्तव्यं घटनेच्या ५१क कलमात आहेत. मुख्याध्यापकांना मजकुराची एक प्रत आधीच देऊन ठेवा, म्हणजे तक्रार गेलीच तर तुम्ही एकट्या पडणार नाही.

वेळेचं म्हणाल तर रोज अर्धा तास, पाच दिवस. सोमवारी तक्ता, मंगळवारी पट्ट्या आणि कहाणी, बुधवारी रानातला नाग, गुरुवारी दिंडं, शुक्रवारी आजी-आजोबांची उत्तरं. पंचमी मधल्या वारी आली तर त्याआधीचे तीन दिवस पक्के धरा. दिंडं आणि मुलाखती सणानंतर जास्त रंगतात, कारण तेव्हा सांगायला ताजं असतं. द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीही तुमच्याकडेच असेल तर चौथीच्या मुलांना पट्ट्या घेऊन पहिलीच्या मुलांपाशी बसवा. पहिलीनं फक्त ‘नाग’, ‘झोका’, ‘आई’ हे शब्द शोधायचे.

मिनिटाला शब्द मोजण्याची चाचणी या मजकुरांवर घेऊ नका. मुलांनी ते पाच-सहा वेळा वाचलेले असतील, आकडा फुगेल. त्यासाठी साठ-सत्तर शब्दांचा ताजा उतारा ठेवा आणि तीन प्रश्न विचारा: एकाचं उत्तर मजकुरात सरळ असावं, एकाचं अंदाजानं काढावं लागावं, एक त्यांच्या अनुभवाचा. आठ-नऊ मुलांपैकी कोण कुठल्या प्रश्नाला अडतं ते वहीत टिपून ठेवा. अक्षरांवर अडणाऱ्याला पट्ट्या आणखी लागतील. वाचतो पण उत्तर देत नाही, त्याला कहाणीचे थांबे जास्त लागतील.

आठवडा संपला की तक्ता फाडून टाकू नका. सगळे कागद दोऱ्यानं शिवून वर्गाच्या वाचन कोपऱ्यात ठेवा. आणि पुढच्या वर्षी आषाढात, पंचमीच्याही आधी, बेंदूर हा आपल्याकडचा बैलांचा सण येईल. बाहेरून येणारं बरंचसं छापील साहित्य पोळ्याविषयी असतं, तेव्हा बेंदराचा मजकूर तुम्हालाच मुलांकडून लिहून घ्यावा लागेल. सुरुवातीला या वर्षीची शिवलेली वही दाखवा, मग काय करायचंय ते फार समजावून सांगावं लागणार नाही.